नेमकं कुठे अडलं?

३ − २(क्ष − ४) = ७. एका चलातलं साधं समीकरण, उत्तर २. समजा, तीन मुलांचं हे उदाहरण चुकलं आहे. एकाचं उत्तर आलं −६, दुसऱ्याचं ११, तिसऱ्याचं −४. मदत मात्र तिघांनी एकाच वाक्यात मागितली: ‘हे उदाहरण येत नाहीये, कोणी सोडवून देईल का?’ कुणीतरी मनापासून सोडवून दिलं. तिघांच्या वहीत २ हे बरोबर उत्तर उतरलं. पुढच्या पानावर असंच दुसरं समीकरण आलं की तिघंही पुन्हा अडणार, आणि तेही आपापल्या जुन्याच जागी.

कारण तिघांची अडचण वेगवेगळी आहे. −६ ज्याचं आलं त्याने कंस सोडवताना ३ − २क्ष − ८ असं लिहिलं. ‘ऋण गुणिले ऋण म्हणजे धन’ हे त्याला तोंडपाठ असेल, पण कंसाबाहेरच्या २ बरोबर त्याच्या आधीचं वजा चिन्हही आत जातं, हे त्याच्या हाताला अजून बसलेलं नाही. ज्याचं ११ आलं त्याने आधी ३ मधून २ वजा केले, १ उरला आणि मग क्ष − ४ = ७ असं मांडलं. त्याला कंस उत्तम येतो, क्रियांचा क्रम येत नाही. तिसऱ्याने २ ने फक्त क्ष ला गुणलं आणि ४ तसाच बाहेर काढला. पहिल्याला चिन्हांचा सराव हवा, दुसऱ्याला क्रमाचा नियम, तिसऱ्याला वितरणाचा. ‘क्ष = २’ या उत्तरात यातलं काहीच नाही.

म्हणून अभ्यासात मदत मागताना सगळ्यात आधी पाठवायचं ते आपलं चुकलेलं काम. मुलं नेमकं तेच लपवतात. रफ वही बाजूला सारतात, खाडाखोड झालेलं पान फाडतात आणि कोऱ्या कागदावर प्रश्न उतरवून देतात. समजावणाऱ्याला त्या खाडाखोडीतूनच सगळं कळत असतं. वरच्या उदाहरणात ‘३ − २क्ष − ८’ ही एक ओळ दिसली तर चूक सांगायला अर्धं मिनिट पुरतं. ती ओळ नसेल तर त्याला पहिल्यापासून सगळं समजावत बसावं लागतं आणि त्यातलं नव्वद टक्के मुलाला आधीच येत असतं. येत असलेलं ऐकताना लक्ष उडतं, आणि नेमकी हवी ती ओळ येते तेव्हा मूल ऐकत नसतं.

दुसरी गोष्ट, प्रश्न जसाच्या तसा द्यायचा, शब्दन् शब्द. आपल्या भाषेत थोडक्यात सांगायला गेलं की काय होतं ते बघा. पुस्तकात आहे: ‘२५ मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून एक चेंडू २० मीटर प्रतिसेकंद वेगाने सरळ वर फेकला. तो किती वेळाने जमिनीवर पडेल? गुरुत्वीय त्वरण १० धरा.’ विचारणारा लिहितो: ‘चेंडू २० च्या वेगाने वर फेकला तर खाली यायला किती वेळ लागेल?’ उत्तर देणारा दोन सेकंद वर जायला आणि दोन खाली यायला असा हिशेब करून ४ सेकंद सांगतो. त्याचं काहीच चुकलेलं नाही. उत्तरसूचीत मात्र ५ सेकंद असतात. दुसरा कोणी त्वरण ९.८ धरतो, त्याचं उत्तर ४.०८ येतं. आता विचारणाऱ्यासमोर तीन उत्तरं आहेत आणि गोंधळ आधीपेक्षा मोठा. गच्ची आणि ‘१० धरा’, एवढे दोनच तपशील गळले होते. ज्याला प्रश्न समजलेला नाही त्याला त्यातलं महत्त्वाचं काय हेही ठरवता येत नाही, म्हणून काटछाट त्याने करूच नये. फोटो पाठवायचा असेल तर पूर्ण पानाचा, उजेडात काढलेला, आकृतीसकट. बरेचदा एक सूचना वरच्या ओळीत असते: ‘प्रश्न ४ ते ७ साठी पुढील माहिती वापरा.’ फोटोत फक्त प्रश्न ६ येतो आणि ती माहिती बाहेरच राहते. कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमचं अडलं असेल तर स्क्रीनवर आलेला एररचा संदेश अक्षरशः उतरवायचा, ओळीच्या क्रमांकासह. ‘एरर येतोय’ यातून काहीच कळत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते: जिथपर्यंत खात्री आहे ती शेवटची ओळ आणि जिथे खात्री सुटली ती पहिली ओळ, या दोन ओळींवर बोट ठेवायचं. ‘गतीचं समीकरण लिहिलं, खालची दिशा ऋण घेतली, सोडवलं तर ५ आणि −१ अशा दोन किमती आल्या. −१ सेकंदाचं काय करायचं, कळत नाही.’ हा उत्तम प्रश्न आहे. त्याचं उत्तरही मजेदार आहे. हाच चेंडू जमिनीवरून ३० मीटर प्रतिसेकंद वेगाने वर फेकला असता, तर तो एका सेकंदाने गच्चीजवळून बरोबर २० च्या वेगाने वर गेला असता. समीकरणाला आपण चेंडू गच्चीवरून फेकला हे ठाऊकच नाही, ते मागचा प्रवासही मोजतं. प्रश्न ‘फेकल्यानंतर’चा आहे म्हणून आपण ५ ठेवतो. ज्याने फक्त ‘सोडवून द्या’ म्हटलं असतं त्याला हे कधीच कळलं नसतं. त्याच्या वहीत ‘वेळ ऋण नसते’ असं लिहून ती किंमत खोडली गेली असती.

या दोन ओळी शोधताना पुष्कळदा प्रश्न आपोआप सुटतो. लिहिता लिहिता ‘अरे, हे तर मी गृहीतच धरलंय’ असं लक्षात येतं. आपल्याला एखादी गोष्ट कळली आहे असं वाटणं आणि ती पायरीपायरीने सांगता येणं, यांत बरंच अंतर असतं. लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये हे प्रयोगांतून दाखवलं होतं. कपड्याची चेन (झिप) किंवा साधं कुलूप कसं चालतं ते आपल्याला माहीत आहे असं सांगणाऱ्यांना प्रत्यक्ष लिहायला बसवलं, तेव्हा त्यांनीच आपली समज आधीपेक्षा कमी असल्याचं कबूल केलं. प्रश्न लिहून काढणं हीच एक परीक्षा असते, आणि ती कोणालाही न विचारता देता येते.

मग विचारायचं कधी? पहिल्या मिनिटाला विचारलं तर डोकं चाललेलंच नसतं. दोन तास भिंतीवर डोकं आपटून विचारलं तर ऐकायचं त्राण उरत नाही. एका उदाहरणासाठी पंधरा ते वीस मिनिटं हा माझ्या मते बरा हिशेब आहे, पण त्या वेळात नुसतं पानाकडे बघत बसायचं नाही. प्रश्न पुन्हा वाचायचा, काय दिलंय आणि काय काढायचंय ते दोन ओळींत लिहायचं. धड्यातलं सगळ्यात जवळचं सोडवलेलं उदाहरण काढायचं आणि आपलं उदाहरण त्याच्यापेक्षा कुठे वेगळं आहे ते बघायचं. आकडे अवघड असतील तर सोपे घालून बघायचे. एवढं करूनही गाडी हलली नाही तर खुशाल विचारावं. तेव्हा आपल्याकडे दाखवायला काहीतरी असतं.

वेळेचा प्रश्न दुसऱ्या बाजूनेही असतो. सकाळी वही द्यायची असेल आणि रात्री अकराला शंका आली, तर कितीही गुणी मुलगी ‘फक्त उत्तर सांग’ हेच म्हणणार. शॅरन नेल्सन-ल गॉल या संशोधिकेने १९८१ मध्ये मदत मागण्याचे दोन प्रकार वेगळे केले: काम उरकावं म्हणून मागितलेली मदत आणि पुढच्या वेळी आपलं आपल्याला जमावं म्हणून मागितलेली मदत. मला वाटतं, एकच मूल सकाळी दुसऱ्या प्रकारचं असतं आणि रात्री पहिल्या प्रकारचं होतं. म्हणून गृहपाठ मिळेल त्याच दिवशी तो सोडवला नाही तरी चालेल, पण सगळे प्रश्न एकदा वाचून जे जड वाटतात त्यांच्यापुढे खूण करून ठेवावी. शंका आज कळली तर उद्या विचारता येते.

आता समजावणाऱ्याकडे वळू. बिघडतं ते बरेचदा त्याच्याच बाजूने, आणि तेही चांगुलपणामुळे. त्याला उत्तर येत असतं, समोरचा अडलेला असतो, आणि पेन हातात घेऊन सगळं लिहून टाकायचा मोह आवरत नाही. भूमितीतलं एक उदाहरण घेऊ. त्रिकोण अबक मध्ये कोन अ चा दुभाजक बाजू बक ला द बिंदूत छेदतो आणि तो बक ला लंब आहे. सिद्ध करा: अब = अक. मुलाने लिहिलं आहे: ‘कोन ब = कोन क, पायथ्याचे कोन म्हणून.’ इथे घोटाळा आहे. पायथ्याचे कोन समान असतात ते समद्विभुज त्रिकोणात, आणि त्रिकोण समद्विभुज आहे हेच तर साध्य आहे. आकृती समद्विभुज दिसते, म्हणून डोळा फसतो.

अशा वेळी मदत पायरीपायरीने द्यावी, आणि प्रत्येक पायरीनंतर थांबावं. आधी एवढंच म्हणायचं: ‘पक्षात काय काय दिलंय ते आकृतीवर खुणांनी दाखव.’ पुष्कळ मुलांना इथेच रस्ता दिसतो, कारण दोन समान कोन आणि दोन काटकोन डोळ्यांसमोर येतात. नाही दिसला तर: ‘अब आणि अक या कोणत्या दोन त्रिकोणांच्या बाजू आहेत? ते एकरूप दाखवता येतील का?’ तरीही नाही, तर: ‘दोघांत सामाईक काय आहे?’ बाजू अद सापडली की समान कोन, सामाईक बाजू, काटकोन अशी जुळणी होते आणि कोबाको (कोन-बाजू-कोन) कसोटी मूल स्वतःच म्हणतं. चौथी पायरी म्हणजे कसोटीचं नाव सांगणं. त्यानंतरच पूर्ण सिद्धता. सुरुवातीच्या चुकीकडे मात्र परत यायलाच हवं: ‘आता सांग, तुझी पहिली ओळ का चालली नसती?’ हे राहून गेलं तर सिद्धता पाठ होते आणि साध्यच आधी वापरायची सवय तशीच उरते.

दोन सूचनांच्या मधली शांतता समजावणाऱ्याला जड जाते. दहा सेकंद झाले की त्याला वाटतं, याला काही येत नाही. मूल त्या वेळी विचार करत असतं. तीसेक सेकंद तोंड बंद ठेवता येणं हे समजावण्यातलं मोठं कौशल्य आहे.

पूर्ण सोडवलेलं उदाहरण देऊच नये, असं मात्र मी म्हणणार नाही. विषय अगदी नवा असेल, सूत्र कालच शिकवलं असेल, तर नुसत्या सूचनांनी मूल चाचपडत राहतं. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर केलेल्या प्रयोगांत, नवशिक्यांना सोडवलेली उदाहरणं अभ्यासायला दिली तेव्हा त्यांना तशाच प्रकारची पुढची उदाहरणं जास्त लवकर सुटली. त्यावर एक साधा तोडगा आहे. गृहपाठातलं उदाहरण तसंच ठेवायचं आणि त्याच जातीचं, आकडे बदललेलं दुसरं उदाहरण पूर्ण सोडवून द्यायचं, प्रत्येक ओळीपुढे कारणासह. मुलाला नमुना मिळतो आणि स्वतःचं कामही शिल्लक राहतं. विचारणाऱ्यानेही असंच मागावं: ‘हे नको सोडवूस, याच्यासारखं एखादं दाखव.’

भाषा किंवा इतिहासात गोष्ट थोडी वेगळी होते, पण फार नाही. ‘फ्रेंच राज्यक्रांतीवर निबंध द्या’ या मागणीला मदत म्हणता येणार नाही. ‘माझ्याकडे कर्जात बुडालेला खजिना, करांचा विषम बोजा, १७८८ चं वाईट पीक आणि मे १७८९ मधली प्रतिनिधिसभेची बैठक एवढे मुद्दे आहेत, यांतलं मूळ कारण कोणतं आणि निमित्त कोणतं, हे मला लावता येत नाही,’ असं म्हटलं की समोरच्याला बोलायला जागा मिळते. निबंधात बहुतेकांचं अडतं ते मांडणीत. प्रश्नातलं क्रियापदही नीट बघावं. ‘वर्णन करा’, ‘तुलना करा’ आणि ‘चिकित्सा करा’ या तीन वेगळ्या मागण्या आहेत, आणि माहिती बरोबर असूनही गुण जातात ते बरेचदा इथेच.

मिळालेलं उत्तर तपासायचं ही जबाबदारी मात्र विचारणाऱ्याचीच. मदत करणारा हुशार असला तरी घाईत चुकतो, आणि हल्ली यंत्रंही क्षणात पायऱ्यांसकट इतकं सफाईदार उत्तर देतात की शंका घ्यायला धीर होत नाही. सफाई आणि खरेपणा यांचा काही संबंध नसतो. ताळा करावा. सुरुवातीच्या समीकरणात −६ घातले तर डावी बाजू २३ येते, −४ घातले तर १९, आणि २ घातले तर ७. पण ताळ्यालाही एक मर्यादा आहे. ज्याने ३ मधून २ आधी वजा केले तो ताळाही तसाच करेल: एक गुणिले सात, सात, बरोबर! गैरसमज नियमाबद्दलचा असेल तर ताळा त्याच गैरसमजातून जातो आणि चूक पकडली जात नाही. या मुलाला दुसऱ्या माणसाची गरज उरलेल्या दोघांपेक्षा जास्त आहे, कारण आपलं चुकतंय हे त्याला एकट्याला कळायचा मार्गच नाही. बाकी ठिकाणी एकक बघावं, उत्तराचा आकार बघावा. माणसाचा चालण्याचा वेग ताशी ९० किलोमीटर आला तर कुठेतरी भागाकाराच्या जागी गुणाकार झालेला असतो. आणि ज्या पायरीचं कारण कळलं नाही तिथे ‘इथे असं का केलं?’ हे विचारायला लाजू नये. ज्याने समजून सोडवलंय त्याला त्याचं उत्तर देता येतं.

लाजेचा उल्लेख आला म्हणून सांगते, वर्गातला सगळ्यात निरुपयोगी प्रश्न म्हणजे ‘सगळ्यांना समजलं का?’ त्याला ‘हो’ हे एकच उत्तर मिळतं. ज्याला समजलेलं नाही त्याला एकट्याने हात वर करावा लागतो, आणि ज्याला मदतीची सगळ्यात जास्त गरज असते तोच सगळ्यात कमी विचारतो. त्याऐवजी ‘कोणत्या ओळीपासून सुटलं ते वहीत खूण करा’ असं म्हटलं तर सगळ्यांनाच खूण करावी लागते आणि फिरता फिरता शिक्षकांना ती दिसते. घरीही हेच. ‘झाला का अभ्यास?’ यापेक्षा ‘आज कुठे अडलं?’ असं विचारावं, आणि मुलाने सांगितलं की ‘एवढं साधं येत नाही?’ हे वाक्य गिळावं. ते एकदा बाहेर पडलं की पुढचे कित्येक महिने ‘कुठेच नाही’ हेच उत्तर येतं.

समजलं की वही मिटायची. हे फार कमी जण करतात. समजावून घेतानाची ‘हां, आलं लक्षात’ ही भावना फसवी असते, कारण पाने समोर उघडी असतात. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगांत, मजकूर पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र, न बघता आठवून लिहिण्याचा सराव केलेल्यांना जास्त आठवलं. तेव्हा मदत मिळाल्यावर थोडा वेळ जाऊ द्यावा, कोरा कागद घ्यावा आणि तेच उदाहरण पहिल्या ओळीपासून सोडवावं. मध्ये अडलं तर समजावणं कुठवर पोहोचलं होतं ते कळतं. दुसऱ्या दिवशी आकडे बदलून एकदा. वहीच्या मागच्या पानांवर एक शंकांची यादीही ठेवावी: तारीख, कुठे अडलं, कारण काय निघालं. महिन्याभराने ती वाचली की विषय वेगवेगळे असले तरी कारणं तीन-चारच निघतात. कुणाचं चिन्ह, कुणाचं एकक, कुणाचं प्रश्न अर्धा वाचणं. सरावाला बसताना काय घ्यायचं ते मग ठरवावं लागत नाही.

जिथे गुण मिळणार आहेत अशा कामात किती मदत चालते, हे आधी शिक्षकांना विचारून घ्यावं आणि घेतली असेल तर तसं लिहावं. परीक्षेच्या प्रश्नात ती मागूही नये, देऊही नये. आणि ज्याने वेळ काढून समजावलं त्याला नुसतं ‘थँक यू’ म्हणून थांबू नये. नेमकं कोणत्या सूचनेनंतर सुटलं, आपली चूक काय निघाली, हे एका ओळीत कळवावं. सुटलं नसेल तर तेही स्पष्ट सांगावं: ‘तिसऱ्या ओळीपर्यंत कळलं, चौथी अजून नाही.’ भिडेखातर ‘समजलं’ म्हटलं, तर समजावणारा तीच सूचना पुढच्या मुलालाही देतो.